वहिनीचे पाच

आमच्या घरात काही शब्द बोलायचे नाहीत. ‘डोक्याला ताप’ म्हणायचं नाही, ‘डोकं खाऊ नकोस’ म्हणायचं नाही, ‘डोकं फिरलंय का तुझं’ असं विचारायचं नाही. दादा एकदा जेवताना वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल बोलता बोलता ‘नुसती डोकेदुखी आहे तो माणूस’ असं म्हणून गेला आणि मग हातातला घास तसाच धरून बसला. हा नियम कुणी केलेला नाही, आपसूक झालाय. मला मात्र त्याची फार अडचण होते. आपल्या भाषेत राग आला की माणूस आधी डोक्यालाच हात घालतो, आणि मला राग दिवसातून बरेचदा येतो.

डोकं दुखतं ते वहिनीचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. कुणीतरी कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं आणि दादा त्याला सोडवायला गेलेला असतो. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. नवे कपडे कमी, दुरुस्त्या जास्त. कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. माझं लग्न झालं, मोडलं, आणि मी मशीन घेऊन माहेरी परत आले, तेव्हा वहिनीनेच ही खोली मला दिली. म्हणाली, “इथे उजेड चांगला आहे, मला तो नकोच असतो.” तिचं टेबल मागच्या खोलीत, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून आहे. त्या खिडकीतून भिंतीशिवाय काही दिसत नाही आणि तिला तेच बरं वाटतं.

वहिनी गोष्टी लिहिते. तिच्या गोष्टी एका साप्ताहिकात येतात, दोन पुस्तकंही आहेत. शेजारच्या बायका विचारतात, “घरी बसून वेळ कसा जातो हो तुमचा?” वहिनी म्हणते, “जातो कसाबसा.” कुणी लेखिका म्हटलं तर आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय, अशा चेहऱ्याने बघते.

तिची लिहायची तऱ्हा मला चांगली माहीत आहे, कारण ती माझ्या शिवणासारखीच आहे. आधी ऐसपैस लिहायचं आणि मग लाल पेन्सिल घेऊन आत घ्यायचं. निम्मी गोष्ट ती काढूनच टाकते. निम्मं काढलं की उरतं ते खरं, असं तिचं म्हणणं. एका गोष्टीत एक सासू होती, तोंडाळ, खाष्ट, मला फार आवडली होती. पुढच्या वेळी बघते तर सासू गायब. मी दोन दिवस वहिनीशी बोलले नाही.

आणि गुळगुळीत झालेली वाक्यं तिला खपत नाहीत. काळजात धस्स झालं, पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांना धारा लागल्या, आभाळ कोसळलं, अशा सगळ्यांवर लाल रेघ. म्हणते, “हे कुणाचंच नसतं गं. ज्याचं काही झालेलं नसतं तोही हेच म्हणतो.” म्हणून मी मुद्दाम म्हणायची, “वहिनी, दूध उतू गेलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली.” ती आतून पेन्सिल फेकून मारायची. म्हणजे पूर्वी मारायची.

तर हे दुखणं. ते यायच्या आधी वर्दी देतं. लिहिता लिहिता कागदावर एक भोक दिसायला लागतं, त्याच्या कडा हलत असतात आणि त्यातले शब्द दिसत नाहीत. मग डाव्या हाताची बोटं बधिर होतात, मग ओठांचा कोपरा. वहिनी हातातलं वाक्य पुरं करते, पेनला टोपण लावते, गोळी घेते आणि खोलीत अंधार करून पडते. उलटीत गोळी बाहेर आली की दुसरी घेते. तीही बाहेर आली की भिंत धरत माझ्या खोलीच्या दारात येते आणि म्हणते, “ठिणगे, निघूया.” ठिणगी हे तिनेच मला ठेवलेलं नाव. का ठेवलं, ते आतापर्यंत कळलं असेलच.

अशा वेळी तिला सगळ्या आवाजांचा त्रास होतो. नळाचा, पावलांचा, कागदाच्या पिशवीचासुद्धा. एका माझ्या मशीनचा होत नाही. सुरुवातीला मी मशीन बंद करून बसायची, तर तीच आतून म्हणाली, “चालू ठेव. त्याचा आवाज एकसारखा आहे, बरा वाटतो.” मला त्याचा जरा अभिमानच होता. घरात माणसं चवड्यांवर चालताहेत, दादा दाराची कडी कापडाने धरून लावतोय, आणि माझं मशीन मात्र खुशाल धडधडतंय. कधी मी हातशिलाईला बसले तर ती आतून विचारायची, “थांबवलंस का?” मग मी पुन्हा पायडल मारायची.

इस्पितळात न्यायची पिशवी दारामागे अडकवलेली असते. तिच्यात वहिनीची फाइल, उलटीसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी. पट्टी मी शिवलीय. काळं अस्तर दुहेरी आणि मध्ये कापसाचा पातळ थर. आणि माझं हातातलं काम. सुई, दोरा, बटणं, तुरपाईच्या पॅन्ट्स. कात्री नाही, कारण कात्री दारावरच्या रखवालदाराने एकदा काढून घेतली आणि परत देताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाला भोसकायलाच आले होते. तेव्हापासून मी दोरा दाताने तोडते.

तातडीच्या विभागाचं दार आपोआप सरकतं. आत एकाला एक जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही आणि वर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. त्यातली एक कायम फडफडत असते. तिच्याबद्दल मी तीन वेळा तक्रार केली. तिसऱ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, “ताई, तुम्ही इथे वरचेवर का येता?” काचेला बोलण्यापुरतं गोल भोक आहे आणि काचेमागे सिस्टर. ती विचारते, “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त. किती दुखतंय?”

कुठलंही शहाणं माणूस इथे चटकन दहा म्हणतं. एकदा आमच्या पुढे एक जण होता, त्याचं बोट टेबलाच्या खणात चेंगरलं होतं. तो म्हणाला, “बारा.” सिस्टर म्हणाली, “दहापर्यंतच आहे हो.” तो नाइलाजाने म्हणाला, “मग दहा लिहा.” त्याला लगेच आत घेतलं.

वहिनी विचार करते. डोळ्यांवर पट्टी, ओठ पांढरे पडलेले, काचेच्या कडेला धरून कशीबशी उभी, आणि बाई खरोखर विचार करते. मग म्हणते, “पाच.”

पाच म्हणजे मनगटाला हिरवी पट्टी. हिरवी म्हणजे बसा. मग आम्ही बसतो. वहिनी मान खाली घालून, पिशवी मांडीवर उघडी धरून, अजिबात आवाज न करता बसते. मी तुरपाई काढते. खोटं कशाला बोलू, तिथे माझी तुरपाई फार छान होते. घरी दहा वेळा उठावं लागतं, तिथे कुठे जायचं?

एकदा न राहवून मीच भोकापाशी तोंड नेऊन म्हटलं, “नऊ.” मागून वहिनीचा आवाज आला, “पाच.” मी म्हटलं, “नऊ लिहा हो सिस्टर.” वहिनी पट्टीआडून म्हणाली, “पाच.” सिस्टरने दोघींकडे बघितलं. “पेशंट नक्की कोण आहे?” आम्ही गुपचूप हिरवी पट्टी घेतली.

घरी आल्यावर, म्हणजे सलाइन आणि इंजेक्शन होऊन ती दीड दिवस झोपून उठल्यावर, मी भांडले. “दहा म्हणायला तुझं काय जातं?”

“दहाच्या पुढे जागा नसते,” ती म्हणाली. “दहा म्हटलं की गोष्ट तिथेच संपते.”

“तू गोष्ट सांगायला जातेस का तिथे?”

“आणि जो दहा म्हणतो ना, त्याचा मला संशय येतो. वाढवून सांगतोय असं वाटतं.”

“ते डॉक्टर आहेत, वहिनी. तुझे वाचक नाहीत.”

तिने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. पूर्वी असती तर बोलली असती. चांगली खडाजंगी झाली असती, दादा मध्ये पडला असता आणि दोघींची बोलणी खाऊन गप्प बसला असता. आता भांडणसुद्धा दोन वाक्यांत आटपतं.

पहिल्या खेपेला मी त्या लोखंडी खुर्चीत रडले होते. दादा तर कामाच्या कपड्यांतच धावत आला होता, हाताला ग्रीस, आणि सिस्टरला ‘वाचेल ना, वाचेल ना’ विचारत होता. मग हळूहळू सगळ्यांचं सगळं आटलं. आता तो फोन करतो. “कुठे आहात?” मी म्हणते, “तिथेच.” तो म्हणतो, “बरं.” फोनमधून लिफ्टच्या तारांचा आवाज येतो. एवढंच. त्याला बायकोची काळजी नाही असं नाही. काळजी आहे, पण ती आता बूट घालावेत तशी अंगवळणी पडलीय. माझंही तेच. वहिनी दारात येऊन ‘निघूया’ म्हणाली की मी आधी चालू टीप पुरी करते, मग उठते.

वहिनीचं काय आटलं, ते मला उशिरा कळलं. ती एक कादंबरी लिहीत होती. बस डेपोत हरवलेल्या वस्तूंची खोली सांभाळणारा एक माणूस असतो, त्याची. छत्र्या, डबे, चष्मे, एक बासरी, कुणाचा तरी एकच बूट. मला तो माणूस आवडला होता आणि आता हिने त्याला काढून टाकू नये म्हणून मी जरा धास्तावलेली होते. त्याच्या खोलीवर बाहेरून कुणीतरी थाप मारतं, तो उठतो, दाराच्या कडीवर हात ठेवतो. वहिनी तिथवर आली होती. आणि मग दुखणं वाढलं. आधी महिन्यातून एकदा असायचं, मग आठवड्याला आलं, मग दोन खेपांच्या मध्ये नुसता अशक्तपणा असे. त्या माणसाचा हात कडीवर तसाच राहिला. ऋतू बदलला, माझ्याकडे लोकरीचे कपडे दुरुस्तीला येऊन परतही गेले, तरी तो दार उघडेना.

संपादक भला माणूस. फोनवर म्हणायचा, “सावकाश होऊ द्या.” मग त्याने फोन करायचं सोडलं.

एका दुपारी मी वहिनीला चहा द्यायला गेले, तर ती टेबलाशी बसली होती. समोर कोरा कागद आणि पेनला टोपण. म्हणाली, “ठिणगे, काल मला वाटलं, राहिली कादंबरी तर राहू दे.”

मी म्हटलं, “असं वाटतं कधीकधी.”

“वाटलं त्याचं काही नाही. पण ते वाटल्यावर मला काहीच वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही.” तिने चहा घेतला. “आधी निदान भीती वाटायची. आता कशातून लिहू?”

मी कप परत नेला. मोरीत उभी राहून तो कितीतरी वेळ धूत राहिले. लग्न मोडलं तेव्हा मी महिनाभर अशीच होते, काही न वाटणारी, म्हणून मला ते ओळखू आलं. मी त्यातून बाहेर पडले ती रागामुळे. वहिनीकडे तो माल कधी नव्हताच.

त्याच सुमारास तातडीच्या विभागातल्या एका डॉक्टरने फाइल चाळता चाळता सांगितलं, की मोठ्या इस्पितळात डोकेदुखीचा वेगळा विभाग आहे. तिथे महिन्याला एक इंजेक्शन देतात, ज्याने दुखणं यायचंच कमी होतं. पण इंजेक्शनं थोडी आणि माणसं फार, त्यामुळे ज्यांचं अगदी टोकाला गेलंय त्यांनाच देतात. दादाने दोन दिवस रजा काढून सगळे कागद नेऊन दिले. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्याला घाईने जिना चढताना बघितलं.

उत्तर आलं. रुग्णाच्या प्रत्येक भेटीत दुखण्याची तीव्रता मध्यम नोंदवली आहे. रुग्ण शांत आहे, स्पष्ट बोलते. सध्या या उपचाराची गरज दिसत नाही. हवं असल्यास एकदा प्रत्यक्ष येऊन भेटावं आणि येताना आपल्या त्रासाचं वर्णन एका पानावर, स्वतःच्या शब्दांत लिहून आणावं.

दादाने ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, “हे तर सोपंच आहे. तुझ्या हातचा मळ.”

मलाही तसंच वाटलं. आजन्म ज्या बाईने परक्या माणसांची सुखदुःखं लिहिली, तिला स्वतःचं एक पान लिहायला कितीसा वेळ लागणार? मी मनात म्हटलं, आता बघाच. रडवेल सगळ्यांना.

ती कित्येक दिवस ते पान लिहीत होती. ज्या दिवशी बरं असेल त्या दिवशी मागच्या खोलीतून पेन्सिल ओढल्याचे आवाज येत. टोपलीत फाडलेले कागद पडत. मी केर काढताना ते उचलले आणि टाकले. वाचावेत असं मला वाटलं नाही, अंगावर कामं होती. शेवटी तिने ते पान मला दाखवलं. पान कसलं, ओळीच होत्या.

‘दुखणं डाव्या डोळ्याच्या मागे सुरू होतं. प्रकाश आणि आवाज नकोसे होतात. उलट्या होतात. साधारण दोन दिवस राहतं. त्या काळात काम होत नाही. नंतर जातं.’

मी ते पुन्हा वाचलं. मागे काही आहे का बघितलं. म्हटलं, “ही बाई तर बरी आहे.”

“नेमकं आहे,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, शर्ट इतका आत घेतलास की आता त्यात माणूसच मावणार नाही.”

“खोटं काही आहे का त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. मी कागद परत दिला.

भेटीच्या दिवशी दादा कुठेतरी अडकलेल्या लिफ्टपाशी होता, म्हणून मीच बरोबर गेले. डोकेदुखीच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. त्यांनी खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवली होती आणि टेबलावरच्या दिव्यावर एक फडकं टाकलं होतं. वहिनीने आत गेल्या गेल्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. इस्पितळात तिचे डोळे उघडे असलेले मी पहिल्यांदाच बघितले.

डॉक्टरांनी पान वाचलं. “छान लिहिता तुम्ही.”

“थोडं लांबलंय,” वहिनी म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

डॉक्टर हसल्या. मग फाइल उघडून एकेक चिठ्ठी उलटायला लागल्या. प्रत्येकीवर पाच. पाच, पाच, पाच. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. “आकडा आता विचारला तर काय सांगाल? दुखणं भरात असतं तेव्हाचा.”

“पाच,” वहिनी म्हणाली.

मला राहवलं नाही. “डॉक्टर, ही गोष्टी लिहिते. हिला वाढवून सांगताच येत नाही.”

“ते कळतंय मला,” डॉक्टर म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण थकलेल्या वाटल्या. “पण तुमच्यामागे बाहेर माणसं बसलीत. कुणाला इंजेक्शन द्यायचं हे मला कागदावरून ठरवावं लागतं. कागद म्हणतो, बाईंचं मध्यम आहे, बाई शांत आहेत. मी पाचचे दहा कसे करू?” त्यांनी फाइलची दोरी गुंडाळायला घेतली. मग थांबून वहिनीला विचारलं, “सध्या काय लिहिताय?”

मला वाटलं, ती त्या डेपोतल्या माणसाचं काहीतरी सांगेल. तिने टेबलावरचं आपलं पान जवळ ओढलं, त्याच्यावरून बोट फिरवलं, जणू कुठे काय काढलं होतं ते शोधत होती.

“डोकं फुटतं माझं,” ती म्हणाली.

मी दचकले. आमच्या घरात इतक्या वर्षांत हे कुणी बोललेलं नव्हतं.

“डोकं फुटतं. घणाने ठोकल्यासारखं. भिंतीवर आपटावंसं वाटतं. जीव नकोसा होतो.” आवाज अगदी सपाट होता, धोब्याला कपडे मोजून द्यावेत तसा. ज्या ज्या वाक्यांवर तिने आयुष्यभर लाल रेघ मारली, ती एकामागून एक काढून टेबलावर ठेवत होती. “देवाला म्हणते, सोडव. उचल मला. डोळ्यापुढे अंधारी येते. असह्य होतं.” ती जरा थांबली. “मग उशी तोंडात धरून ओरडते.”

“घरात कुणी नसताना?” डॉक्टरांनी विचारलं. त्या लिहायला लागल्या होत्या.

“ही असते,” वहिनी म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. “हिचं शिवणाचं मशीन चालू असतं. ते चालू असलं की ओरडता येतं. हिला ऐकू जात नाही.”

डॉक्टरांचं पेन थांबलं आणि पुन्हा चालू लागलं. “आकडा?”

“दहा.”

बाहेर येऊन आम्ही जिन्याच्या कठड्यापाशी उभ्या राहिलो. इंजेक्शन मंजूर झालं होतं, पहिलं पुढच्या आठवड्यात. मी खूश व्हायला हवं होतं. माझ्या हातात पट्टी होती आणि मी तिची नाडी बोटाला गुंडाळत होते, सोडवत होते.

“आत खोटं बोललीस का?” मी विचारलं. माझी फार इच्छा होती की तिने हो म्हणावं.

“नाही गं.”

“मग ते पाच?”

“कापून सांगत होते,” वहिनी म्हणाली. “सवय.” मग म्हणाली, “पट्टी दे, इथे उजेड आहे.”

मी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. मागे गाठ मारली, मग नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली.

दादाला मी त्याच दिवशी जेवायच्या आधी सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मशीनचंही सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” मग मागच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने मी बोलवायला गेले, तर ती झोपली होती आणि तो अंधारात खुर्चीत बसला होता. हाताचं ग्रीससुद्धा धुतलं नव्हतं. जेवणं तशीच राहिली.

इंजेक्शनाचा पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. मग थोडा पडला. दुखणं गेलं नाही, पण दोन खेपांच्या मध्ये माणसासारखे दिवस यायला लागले. तातडीच्या विभागात मध्ये एकदाच जावं लागलं, तेव्हा वहिनी काचेपाशी उभी राहून म्हणाली, “दहा.” तिला लगेच आत नेलं. मी नुकतीच सुईत दोरा ओवला होता. ती पॅन्ट तशीच मांडीवर घेऊन बसले, एक टाका घातला नाही. डेपोतल्या माणसाने अखेर दार उघडलंय म्हणे. बाहेर कोण होतं, ते ती सांगत नाही, आणि लिहून झाल्यावर त्यातलं निम्मं ती काढणारच आहे.

एवढं सगळं ठीक आहे. पण माझ्या मशीनचं काही खरं राहिलेलं नाही. सरळ टीप घालत निघाले की थोडं जाऊन माझा पाय आपोआप थांबतो. मान वळते, कान मागच्या खोलीकडे जातो. काही ऐकू येत नाही. पुन्हा पायडल मारते, पुन्हा थांबते. त्यामुळे टीप मध्येच जाड होते, तिथे दोऱ्याची गाठ बसते. परवा एक गिऱ्हाईक कोट उलटा करून म्हणालं, “तुमचं काम पूर्वी सफाईदार होतं.” मी म्हटलं, “पूर्वी होतं.”

आत्ताही मी थांबले होते. आतून वहिनीने विचारलं, “मशीन का थांबवलंस गं?”

“दोरा तुटला.”

“सारखा सारखा?”

“तुटतो,” मी म्हटलं.

आतून पेन्सिलचा आवाज येत होता. तो नीट ऐकून घेतला आणि मग मी पायडलवर पाय ठेवला.